"ओळखा पाहू, मी कोण?" विचारणं थांबवा: डिमेन्शियासाठी चौदा बैठका कशा घ्यायच्या

दिवाळीत पुण्या-बंगळुरूहून मुलं घरी येतात, आजोबांसमोर बसतात आणि पहिलाच प्रश्न टाकतात, "ओळखा पाहू, मी कोण?" आजोबा हसतात, मग मदतीसाठी आजीकडे बघतात. लगेच पुढचा प्रश्न: आज वार कोणता? सकाळी काय खाल्लं? पाच मिनिटांत आजोबा गप्प होतात, आणि त्या दिवशी पुन्हा तोंड उघडत नाहीत. घरच्यांना मात्र वाटत असतं की आपण मेंदूला व्यायाम देतो आहोत.

माझ्या बाबांसोबत मी हे वर्षभर केलं. ते नागपूरच्या अजनी लोको शेडमधून निवृत्त झालेले. रोज सकाळी मी तारीख विचारायची आणि चुकली की दुरुस्त करायची. शेवटी शेवटी मी खोलीत आले की ते डोळे मिटून घ्यायचे. झोप आलेली नसायची.

आता आमच्या ले-आऊटच्या समाजभवनात दर मंगळवारी आणि शुक्रवारी डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असलेल्या माणसांसोबत आमची बैठक असते. नवीन गट सुरू करणारे लोक विचारायला येतात आणि बहुतेक जण त्याच त्याच ठिकाणी चुकतात: निदानाआधी सुरुवात, कान न तपासता सुरुवात, आणि बैठकीची परीक्षा करून टाकणं. म्हणून सगळा क्रम इथे लिहिते आहे.

## १. कशाने काय मिळतं, ते आधी समजून घ्या

"औषधाविना उपचार" या एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात. त्यांची सरमिसळ केली की अपेक्षा चुकतात.

गटातली चालना. हिचं नाव कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी, थोडक्यात सीएसटी. पाच ते आठ माणसं, आठवड्यातून दोनदा, दर वेळी सुमारे ४५ मिनिटं, सात आठवड्यांत १४ बैठका. २००३ साली ब्रिटनमध्ये २०१ जणांवर झालेल्या चाचणीत हिचा फायदा स्मरण-विचाराच्या गुणांत आणि जगण्याच्या समाधानात, दोन्हींत दिसला. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा ३७ चाचण्या आणि २,७६६ माणसं एकत्र पाहिली गेली. एमएमएसई या ३० गुणांच्या तपासणीत सरासरी दोन गुणांचा फरक पडला. एरवी साधारण सहा महिन्यांत जेवढी घसरण होते, तेवढा हा फरक आहे. आठवड्यातून एकदा घेण्यापेक्षा दोनदा घेतलेल्या बैठकांचा परिणाम जास्त दिसला. हे सगळं सौम्य ते मध्यम डिमेन्शियाबद्दल आहे. आपल्याकडे चेन्नईच्या स्कार्फ संस्थेत ही पद्धत भारतीय घरांना जुळेल अशी करून वापरली गेली आहे.

घरी एकाशी एक. हीच पद्धत घरच्या माणसाने एकट्याला दिली तर काय होतं, याची चाचणी २०१५ साली ३५६ जोड्यांवर झाली. स्मरणशक्तीत फायदा दिसला नाही. दोघांमधलं नातं मात्र सुधारलं, आणि सांभाळणाऱ्याचं स्वतःचं जगणंही थोडं बरं झालं. मला ही मिळकत मोठी वाटते, पण तिला स्मरणशक्तीचा उपचार म्हणू नका.

रोजच्या एका कामाचं पुनर्वसन. इथे माणूस स्वतः उद्दिष्ट ठरवतो: फोन लावणं, चहा करणं, चष्मा जागेवर ठेवणं. २०१९ साली ४७५ जणांवर झालेल्या ब्रिटिश चाचणीत ठरवलेली कामं लोकांना खरोखर जास्त चांगली जमू लागली. स्मरणशक्तीचे गुण वाढले नाहीत. कामापुरतं काम झालं, आणि घरात तेच हवं असतं.

सरावाची कोडी आणि मोबाइलचे मेमरी गेम. ज्याचा सराव केला तेवढं सुधारतं, पण त्याचा उपयोग चहा करताना किंवा औषध घेताना होतो असं नीट दिसलेलं नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या मार्गदर्शक संस्थेने २०१८ साली सौम्य ते मध्यम डिमेन्शियासाठी गटातली सीएसटी द्यावी असं स्पष्ट सांगितलं, आणि सौम्य ते मध्यम अल्झायमरवर उपचार म्हणून सरावाची कोडी देऊ नयेत असंही सांगितलं. बाबांना सुडोकू आवडत असेल तर जरूर द्या. उपचार म्हणून मागे लागून सोडवायला लावू नका.

> सावधान: यातली कोणतीही पद्धत डिमेन्शिया बरा करत नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी "आता थेरपी सुरू आहे" म्हणून बंद करायची नाही. बैठक औषधासोबत चालते.

## २. निदान आधी, बैठक नंतर

"आईला विसर पडतो, तुमच्या गटात घ्या" असा फोन आला की मी आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागते. लोकांना ते कोरडं वाटतं. पण थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या, यांतल्या कशानेही विसराळूपणा येतो आणि यांतलं बरंच काही सुधारता येतं. सुधारण्यासारख्या माणसाला आपण सात आठवडे चेंडू झेलायला बसवलं तर ते त्याचं नुकसान आहे.

न्यूरॉलॉजी किंवा मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवा. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी दारं आहेत. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला, आणि कागदावर लिहून न्या: विसर केव्हा सुरू झाला, कोणतं काम आधी सुटलं, गेल्या वर्षभरात कधी पडले का.

शाळा कमी शिकलेल्या आजींचे तपासणीत गुण कमी येतात, आणि ते डिमेन्शियामुळे असतीलच असं नाही. त्या किती शिकल्या ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

> सावधान: एका-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, माणूस भलतंच बोलू लागला, सुस्त पडला, तर त्याला डिमेन्शियाची पुढची पायरी समजू नका. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, शरीरातलं पाणी कमी होणं यांतून असं होतं. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा म्हाताऱ्या माणसाचं पाणी कमी व्हायला फार वेळ लागत नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

## ३. कान, चष्मा, कवळी

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. आमच्या पहिल्या गटात एक काकाजी तीन बैठका नुसते बसून होते. आम्ही मनाशी ठरवूनही टाकलं की त्यांचा आजार पुढे गेलाय. चौथ्या बैठकीआधी त्यांच्या सुनेने कान दाखवले, दोन्ही कानांतला मळ निघाला. पुढच्या शुक्रवारी त्यांनी आल्या आल्या मला विचारलं, "काय जी, आज पंखा एवढा काऊन वाजून राहिला?"

सुरू करण्याआधी प्रत्येकाचं हे पाहून घ्या:

- कानात मळ नाही. मशीन असेल तर सेल चालू आहे आणि मशीन खरंच कानात आहे, खिशात नाही.
- चष्मा स्वतःचाच आहे आणि पुसलेला आहे. डिमेन्शिया असलेल्या दोन माणसांच्या घरात चष्म्यांची अदलाबदल नेहमी होते.
- कवळी नीट बसते. सैल असेल तर माणूस बोलायचं टाळतो.
- कुठे दुखत नाही. गुडघा ठणकत असेल तर कोणतीच चालना पोचत नाही.
- पोट साफ आहे आणि बैठकीच्या आधी बाथरूमला जाऊन आले आहेत.

## ४. गट जमवा, जागा पाहा

माणसं. पाच ते आठ. चौघांत एक आजारी पडला की गट मोडतो, आणि नऊ झाले की दोघं गप्प राहतात. दुखणं साधारण सारख्या पायरीवर असावं. एक जण वर्तमानपत्र वाचणारा आणि एक जण वाक्यही पुरं न करू शकणारा, असं एकत्र बसवलं तर दोघांनाही वाईट वाटतं. ४५ मिनिटं बसू शकणारा, थोडंफार ऐकू येणारा आणि बोलणारा माणूस घ्या. फार अस्वस्थ होणाऱ्या, वारंवार उठून जाणाऱ्या माणसासाठी गट योग्य नाही. त्याच्यासाठी नववी पायरी आहे.

चालवणारे. दोघं हवेच. एक बोलतो, दुसरा बघतो: कोण मागे पडलंय, कोणाला उठायचंय, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलंय. एकट्याने बैठक घेऊ नका, एकही दिवस नाही. शक्य असेल तर पहिली फेरी एखाद्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली करा.

विचारणं. घरच्यांनी होकार दिला म्हणून काम संपत नाही, त्या माणसालाही विचारा. "डिमेन्शियाचा वर्ग" असं नाव देऊ नका. "मंगळवारी चार लोकं बसतो, गप्पा होतात, याल का जी?" एवढं पुरे. नाही म्हणाले तर आठवड्याने पुन्हा विचारा, ओढत आणू नका.

जागा. तळमजला, जवळ संडास आणि तिथे कमोड. हात टेकायला दांड्या असलेल्या खुर्च्या अर्धगोलात, सतरंजी नको. खिडकीचा उजेड चालवणाऱ्याच्या तोंडावर पडावा, म्हणजे ओठ दिसतात. उन्हाळ्यात कूलर हा मोठा शत्रू आहे. तो लावला की कमी ऐकू येणाऱ्यासाठी बैठक तिथेच संपते. आम्ही एप्रिल ते जून सकाळी साडेआठला बसतो. अर्धा तास आधी कूलर लावून खोली गार करतो आणि लोक आले की बंद करतो. बाकीचे महिने दहा वाजता. सायंकाळची वेळ घेऊ नका, दिवस कलला की अनेकांचा गोंधळ वाढतो.

> तपासा: वार, वेळ, खोली आणि चालवणारे दोघं, या चार गोष्टी चौदाही बैठकांत त्याच राहणार आहेत का? एखादी गोष्ट डळमळीत असेल तर ती पक्की झाल्यावरच सुरू करा. लक्षात राहत नाही, तरी सवय लागते. आमच्या एका काकूंना वार सांगता येत नाही, पण शुक्रवारी सकाळी त्या नऊलाच चपला घालून दारात बसतात.

## ५. प्रत्येकाचं एक पान भरा

घरी जाऊन, चहा घेत, एका माणसाचं एक पान:

- कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते? गुरुजींना "काका" म्हटलं तर ते दुखावतात.
- घरात लहानपणी कोणती बोली होती? वऱ्हाडी, झाडी, हिंदी, तेलुगू? दुखणं वाढलं की माणूस अनेकदा पहिल्या बोलीकडे परततो.
- काय काम केलं? नोकरीच नाही, घरचंही.
- हाताला काय येतं: शिवण, सुतारकी, पोळ्या लाटणं, तबला?
- काय खायला चालत नाही? साखर, गिळायचा त्रास.
- कोणत्या विषयाला हात लावायचा नाही? गेलेलं मूल, मोडलेलं लग्न, दंगल. हा रकाना रिकामा ठेवून कोणालाही बसवू नका. "बालपण" या बैठकीत एकदा आम्ही पाटी-पेन्सिल फिरवली आणि एक आजी रडू लागल्या. त्यांचा थोरला मुलगा शाळेत असताना गेला होता. आम्ही विचारलं नव्हतं.

पानाच्या पाठीमागे घरच्यांकडून तीन रोजच्या गोष्टी लिहून घ्या: दिवसभरात स्वतःहून किती वेळा बोलतात, कोणतं एक काम स्वतः करतात, सायंकाळी चिडचिड किती. शेवटी याच पानाशी ताडून पाहायचं आहे.

## ६. पंचेचाळीस मिनिटं कशी वाटायची

पहिली दहा. प्रत्येकाचं नाव घेऊन स्वागत. गटाचं नाव म्हणा. ते पहिल्या दिवशी सभासदांनीच ठरवायचं. आमच्या गटाने "टेकडी मंडळ" ठरवलं, टेकडीच्या गणपतीवरून. मग एक गाणं किंवा अभंग, दर वेळी तोच. मग मऊ चेंडू: ज्याच्याकडे टाकायचा त्याचं नाव घेऊन टाकायचा, आणि चालवणाऱ्याने नाव मोठ्याने पुरवायचं. मग फळा. वार, तारीख, ऋतू, जागा आधीच लिहून ठेवा आणि तुम्ही वाचा. "आज कोण सांगेल वार?" असं अजिबात नाही. "आज मंगळवार, पोळा झाला, काल मारबत निघाली." (मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी पुतळ्यांची मिरवणूक.) एवढं म्हटलं की बोलणं आपोआप सुरू होतं.

मधली पंचवीस. त्या दिवसाचा विषय. हातात धरायला एक तरी खरी वस्तू हवी.

शेवटची दहा. काय झालं ते दोन वाक्यांत सांगा, प्रत्येकाचं नाव घेऊन त्याने काय भर घातली ते सांगा, तेच गाणं, पुढच्या बैठकीचा वार, चहा. निरोप देताना घाई करू नका. रिक्षा बाहेर उभी आहे म्हणून एकेकाला अर्ध्यातून उठवलं की बैठकीचा शेवट गोंधळाचा होतो, आणि नेमका तोच घरी जातो.

> सावधान: चहासोबत खायला देण्याआधी पान पाहा. गिळायचा त्रास असलेल्याला कोरडा चिवडा देऊ नका.

## ७. चौदा विषय, आपल्या गावात बसवून

मूळ क्रम असा: शारीरिक खेळ, आवाज, बालपण, खाणं, चालू घडामोडी, चेहरे आणि ठिकाणं, शब्दांच्या जोड्या, हातकाम, वस्तूंची वर्गवारी, परिसराचा नकाशा, पैसे, अंकांचे खेळ, शब्दखेळ, आणि शेवटी संघ करून प्रश्नमंजुषा. सोप्याकडून पुढे जाणारा हा क्रम आहे. पहिल्याच दिवशी प्रश्नमंजुषा घेऊ नका.

सगळे विषय मी इथे उलगडत नाही. जे आमच्याकडे चांगले चालले ते सांगते.

खाणं. आम्ही संत्री आणतो. प्रत्येकाच्या हातात एक, न सोललेलं. आधी वास, मग सोलणं. एक आजी तीन बैठका काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी संत्रं सोललं, फोडीवरचे पांढरे धागे एकेक करून काढले, बी दाबून बाहेर काढली आणि फोड शेजारच्या काकाजींच्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "आंबट हाय. मृगाचं गोड असते." मग मृग बहार आणि आंबिया बहार या संत्र्याच्या दोन हंगामांवर वीस मिनिटं वाद झाला. काटोलकडे वाडी असलेले एक जण त्यात असे बोलले की त्यांचा मुलगा दारात उभा राहून ऐकत राहिला. दुसऱ्या वेळी सांबारवडीचं (सांबार म्हणजे कोथिंबीर) सारण कालवायला ठेवलं होतं. हात धुऊन प्रत्येकाने सांबार निवडला. निवडणं हेही बोलणंच असतं.

चालू घडामोडी. बातमी वाचून "काय झालं ते सांगा" असं विचारू नका. मारबतीच्या आठवड्यात आम्ही विचारलं, "तुमच्या हाती असतं तर यंदा बडग्या कशाचा काढला असता?" बडग्या म्हणजे मारबतीसोबत निघणारा, लोकांना छळणाऱ्या गोष्टीचा पुतळा. उत्तरं आली: वीजबिलाचा, डासांचा, सुनेच्या मोबाइलचा. सगळी बरोबर, कारण मत चुकत नाही.

परिसराचा नकाशा. मोठ्या कागदावर झिरो माइल, बर्डी, महाल, इतवारी, गोकुळपेठ, अंबाझरी, फुटाळा एवढंच काढा. "इतवारीतून लग्नाचा बस्ता घेतला, आता बर्डीला जायचंय, कसं न्याल?" बोट फिरवत वाट सांगतात. मेट्रो कागदावर नंतर आणा आणि तिचं कौतुक तुम्ही करा. ती माहीत नसली तर कोणी कमी ठरता कामा नये.

पैसे. चार आण्याचं नाणं, दहा पैशाचं नाणं, आजच्या नोटा. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले तेव्हा आज सत्तरीच्या पुढची ही माणसं मुलं होती, आणि चार आण्याचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं. "किती आण्यांचा रुपया?" हा परीक्षेचा प्रश्न झाला. "चार आण्यात काय काय घ्यायचा जी?" असं विचारा. मग आजचा भाव सांगा. जुन्या आठवणीवरून आजपर्यंत यायचं आहे, जुन्यातच सोडून द्यायचं नाही.

शब्दखेळ. वाचता न येणाऱ्यांसाठी म्हणी. तुम्ही "नाचता येईना" म्हणा, उरलेलं ते म्हणतील. आपलं नातवंड न ओळखणारी माणसंही अर्धी म्हण पुरी करतात.

आवाज. रेल्वेची शिटी, जातं, शिवणयंत्र, बैलांचे घुंगरू. ओळखायला लावू नका, आधी तुम्हीच सांगा, "हे शिवणयंत्र. तुमच्या घरी होतं का?"

## ८. प्रश्न विचारण्याची रीत

सगळी पद्धत इथेच तरते किंवा बुडते, म्हणून घाई न करता वाचा.

"लग्न कोणत्या साली झालं?" याला एकच बरोबर उत्तर आहे, आणि ते हुकलं की माणूस सगळ्यांसमोर पडतो. त्याऐवजी: "लग्नाचं जेवण पंगतीत बसून बरं, की हे हातात ताट घेऊन फिरायचं?" याला उत्तर द्यायला साल लागत नाही. पण उत्तर देता देता पंगत आठवते, वाढपी आठवतो, आणि कधी कधी सालही येतं.

"हा फोटो कोणाचा?" नको. दोन फोटो शेजारी ठेवा: "या दोघींत लुगडं कोणाचं छान?"

"आठवतं का?" हा शब्दच काढून टाका. चालवणाऱ्या दोघांनी एकमेकांना टोकायचं ठरवा. मला स्वतःला ही सवय मोडायला तीन महिने लागले.

प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. ही शांतता आपल्याला खुपते म्हणून आपण प्रश्न पुन्हा, वेगळ्या शब्दांत विचारतो, आणि मग त्या माणसाला पहिलं वाक्य सोडून दुसरं पकडावं लागतं. विचारा, थांबा. तरीही उत्तर नाही आलं तर दोन पर्याय द्या: "गरम आवडतो की कोमट?" तेही नको असेल तर वस्तू हातात द्या आणि पुढे जा.

चुकीचं बोलले तर? ८२ वर्षांच्या आजी उठून म्हणतात, "माय घरी वाट पाहून राहिली, मी जातो." "तुमची माय जाऊन चाळीस वर्षं झाली" असं सांगितलं तर त्या आजच पोरक्या होतात. "हो, येईल माय" असं खोटंही बोलू नका. म्हणा, "माय काय करायची जी सैपाकात?" त्या बसतात, आणि मायचं सांगू लागतात.

> तपासा: बैठकीनंतर दोघांनी पाच मिनिटं बसून मोजा: आज किती प्रश्न असे होते ज्यांचं उत्तर चुकू शकत होतं? तीनपेक्षा जास्त असतील तर पुढच्या बैठकीचे प्रश्न आधी लिहून काढा.

## ९. घरी काय करायचं

गटाला येऊ न शकणाऱ्यांसाठी आणि मधल्या दिवसांसाठी. आठवड्यातून दोन-तीनदा, वीस ते तीस मिनिटं, वरच्याच रीतीने. रोज दोन तास बसवायची गरज नाही, तुम्हीही थकाल.

याला जोडून एकच काम निवडा, त्या माणसाच्या मनातलं. एका काकूंना मुलीला स्वतः फोन लावायचा होता. त्यासाठी असं केलं:

1. मोठ्या बटणांचा फोन, बटणावर मुलीचा फोटो. बाकी बटणं झाकली.
2. पहिल्यांदा तुम्ही करून दाखवा, मग त्यांचा हात धरून करा. चुकायची संधीच देऊ नका. डिमेन्शियात चुकून शिकणं अवघड जातं, अनेकदा चूकच पक्की होते.
3. लगेच त्यांना करू द्या. मग एका मिनिटाने, दोन मिनिटांनी, चार, आठ. अडलं तर लगेच दाखवा आणि मागच्या अंतरावर या.
4. रोज एकाच वेळी, एकाच खुर्चीत.

महिनाभरात त्या सकाळी स्वतः फोन लावू लागल्या. तारीख अजून सांगत नाहीत.

> सावधान: काम गॅसशी संबंधित असेल तर एकटं सोडू नका. चहा करायचाच असेल तर गॅस पेटवणं-बंद करणं तुमच्याकडे, बाकी त्यांच्याकडे.

इथली नेहमीची चूक म्हणजे पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक. "आई, दाखव ना फोन लावून!" असं म्हटलं की ते पुन्हा परीक्षा होतं.

## १०. सातव्या आठवड्यानंतर

पाचव्या पायरीतलं पान काढा आणि तेच तीन प्रश्न घरच्यांना विचारा. गुणांची तपासणी हवी असेल तर ती डॉक्टरांनीच, आधी आणि नंतर सारखीच करावी, तुम्ही घरी नाही. गुण वाढले नाहीत पण तेवढेच राहिले, तर या आजारात तीही मिळकत आहे. घरच्यांना हे सुरुवातीलाच सांगून ठेवा, नाहीतर सातव्या आठवड्यात ते निराश होऊन येणं बंद करतात.

चौदा बैठकांनी संपवू नका. २०१४ साली २३६ जणांवर झालेल्या चाचणीत १४ बैठकांनंतर आठवड्यातून एक याप्रमाणे २४ बैठका पुढे चालू ठेवल्या, तेव्हा सहा महिन्यांनी त्या लोकांच्या जगण्याचं समाधान जास्त टिकलेलं दिसलं. 

कोणी पुढे गटात बसू शकेनासं झालं तर एका दिवसात नाव काढू नका. आधी अर्धी बैठक, मग फक्त गाणं आणि चहा. बाबा शेवटच्या चार महिन्यांत असेच यायचे. गाणं सुरू झालं की खुर्चीच्या दांड्यावर बोटांनी ठेका धरायचे, गाडी रुळावरून जाते तसा, दोन ठोके, मग थोडं थांबून दोन.

सांभाळणाऱ्यांसाठी दोन नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा: ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, आणि मन फार जड झालं तर टेलिमानस १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत, आणि त्यावर मराठीत बोलता येतं.